महामारीत राबलेल्यांचा सन्मान: आधी यादी, मग मंच

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ला महामारी म्हटलं आणि त्यानंतर काही दिवसांतच ठिकठिकाणी लोक खिडक्यांत, गच्च्यांवर उभे राहून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवू लागले. ब्रिटनमध्ये २६ मार्चपासून दर गुरुवारी संध्याकाळी हा उपक्रम सलग दहा आठवडे चालला. मग ज्यांनी तो सुरू केला त्या ॲनमरी प्लास यांनीच तो थांबवायचं सुचवलं, कारण त्याला राजकीय रंग चढू लागला होता. जानेवारी २०२१मध्ये तो नव्या नावाने परत आला, पण पहिल्यासारखा उत्साह काही दिसला नाही. टाळ्यांपेक्षा संरक्षक साधनं आणि पुरेसा पगार द्या, असं आरोग्य कर्मचारी तोवर उघड बोलू लागले होते.

आता इतक्या उशिरा सन्मान करण्यात काय अर्थ, असं कुणी विचारेल. माझ्या मते उशिराचा एक फायदाच आहे. धामधुमीत जी नावं कुणाच्या नजरेत आली नाहीत, ती आता शांतपणे शोधता येतात. संस्था, शाळा, रुग्णालय, रहिवासी संघ, मित्रमंडळ, कुणालाही हे करता येईल. पुढच्या साथीनंतरही हाच क्रम कामाला येईल.

क्रमाचा मुद्दा महत्त्वाचा, कारण बहुतेक ठिकाणी तो उलटा असतो. आधी सभागृह ठरतं, मग प्रमुख पाहुणे ठरतात, सन्मानचिन्हं छापायला जातात आणि शेवटच्या आठवड्यात कुणीतरी विचारतं, ‘नावं कुणाकुणाची घ्यायची?’ मग ज्यांचे फोन नंबर हाताशी असतात त्यांचीच नावं यादीत येतात.

देणी बाकी असतील तर आधी ती

तुमची संस्थाच त्या लोकांची मालक असेल, तर पहिलं काम हिशेबाच्या वह्या उघडण्याचं. जादा तासांचे पैसे, न मिळालेल्या रजा, कंत्राटी कामगारांना कबूल केलेला पण न पोहोचलेला भत्ता, दगावलेल्या कर्मचाऱ्याच्या घरच्यांची अडकलेली भरपाई. यातलं काही थकलेलं असताना मंचावर बोलावून सन्मानपत्र दिलं, तर घेणाऱ्याला ते टोचतंच. १४ जुलै २०२० रोजी पॅरिसमध्ये राष्ट्रीय दिनाच्या सोहळ्यात आरोग्य कर्मचाऱ्यांना मानाचं स्थान दिलं गेलं. त्याच दिवशी त्याच शहरात आरोग्य कर्मचारी रुग्णालयांना जादा निधी मिळावा म्हणून मोर्चा काढून रस्त्यावर होते. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशा कार्यकर्त्यांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. तेव्हाही त्या पगारावर नव्हत्या, मानधनावरच काम करत होत्या.

तुम्ही मालक नसाल, तुमचं नुसतं मंडळ असेल, तरी हा प्रश्न विचाराच: ‘तुमचं काही अडकलंय का?’ कुणाचा भरपाईचा अर्ज एका कागदासाठी पडून असेल, तर तो कागद मिळवून देणं हाही सन्मानच, आणि बऱ्याचदा सगळ्यात उपयोगाचा.

यादी: निम्मा वेळ इथे घालवा

हाताशी तीन महिने असतील तर सहा आठवडे फक्त यादीला द्या. कोविडच्या काळातली कामं आठवा आणि माणसांऐवजी कामांपासून सुरुवात करा. माणसं आठवायला बसलं की डॉक्टर आणि ओळखीचे पदाधिकारी आठवतात. कामं आठवली की त्यांच्यामागची माणसं आपोआप पुढे येतात.

रुग्णालयात नर्स आणि डॉक्टर तर होतेच. पण वॉर्डातली फरशी पुसणारे, चादरी धुणारे, स्वॅब घेणारे, प्रयोगशाळेत रात्रभर नमुने तपासणारे, स्ट्रेचर ढकलणारे, रुग्णवाहिकेचे चालक, शवागारातले कर्मचारी, वापरलेले किट आणि हातमोजे उचलून नेणारे, ऑक्सिजनचे टँकर चालवणारे, सिलिंडर भरणारे आणि पाइपलाइनवर लक्ष ठेवणारे तंत्रज्ञही होते. रुग्णालयाबाहेर अंत्यसंस्कार करणारे, रस्ते झाडणारे, पाणी आणि वीज चालू ठेवणारे, औषधाच्या दुकानातले विक्रेते, घरपोच सामान देणारी मुलं, नाकाबंदीवरचे पोलीस, घरोघरी सर्वेक्षणाला लावलेले शिक्षक होते. लसीकरण केंद्रावर रांग सांभाळणारे, नोंदी टाइप करणारे आणि लसीची शीतपेटी पोहोचवणारे यांना तर बहुतेक याद्या साफ विसरतात.

स्वयंसेवकांचं काम याहूनही विखुरलेलं असतं. कुणी मास्क शिवले, कुणी डबे पोहोचवले, कुणी एकट्या राहणाऱ्या वृद्धांना रोज फोन केला, कुणी घरबसल्या चार-चार फोन हातात धरून खाट कुठे रिकामी आहे ते शोधलं, कुणी परक्या माणसाच्या अंत्यविधीला उभं राहिलं. याची कुठल्याही कार्यालयात नोंद नाही.

तेव्हा नावं तीन ठिकाणी शोधा.

पहिलं ठिकाण म्हणजे कागद: हजेरीपट, ड्युटीचे तक्ते, कंत्राटदारांची बिलं, देणगीच्या पावत्या. दुसरं म्हणजे त्या काळातले व्हॉट्सॲप ग्रुप. ते अजून फोनमध्ये असतील तर एप्रिल-मे २०२०, आणि ज्या भागात दुसरी लाट जोरात होती तिथे २०२१चे संदेश नीट वाचा. ‘मी जातो’, ‘मी बघते’, ‘पोहोचवलं’ असं लिहिणारी माणसं टिपून घ्या. ग्रुपवर लांबलचक सल्ले देणारे वेगळे आणि एका ओळीत काम उरकणारे वेगळे, हे वाचताना लगेच कळतं.

तिसरं ठिकाण म्हणजे यादीतली माणसंच. ज्यांचं नाव सापडलं त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: ‘तुमच्याबरोबर असं कोण होतं, ज्याचं नाव कुणी घेतलं नाही?’ यातून जी नावं निघतात ती दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. नवं नाव यायचं थांबेपर्यंत हा प्रश्न पुढे पुढे विचारत जा. रात्रपाळीचे, कंत्राटी आणि नोकरी सोडून गेलेले लोक प्रामुख्याने याच वाटेने सापडतात.

निकष लेखी ठेवा आणि साधे ठेवा. कोणता काळ धरायचा, कोणत्या परिसरातलं काम मोजायचं, पगारी काम आणि स्वेच्छेचं काम एकाच यादीत ठेवायचं की दोन याद्या करायच्या, हे आधीच ठरवा. माझं मत दोन याद्यांच्या बाजूने आहे. दोघांचं काम कमी-जास्त होतं म्हणून नव्हे, तर दोघांना विचारायचे प्रश्न वेगळे असतात म्हणून. स्वयंसेवकाने किती दिवस काम केलं यावर अडून बसू नका. भर लाटेतली एक रात्रही पुरते. प्रत्येक नावाला एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन माणसांचा दुजोरा मात्र घ्या. त्याने खोटी नावं गळतात आणि ‘आपल्या माणसाला घुसवलं’ हा आरोपही टळतो.

कच्ची यादी तयार झाली की ती आधी फक्त त्या त्या माणसांना दाखवा, त्यांची संमती घ्या आणि मगच सगळ्यांसमोर ठेवा. दुरुस्तीसाठी दोन आठवडे द्या. नावाचं स्पेलिंग, आडनाव, हुद्दा हे ज्याचं त्याच्याकडूनच तपासून घ्या. सन्मानपत्रावर स्वतःचं नाव चुकलेलं पाहणाऱ्याचा चेहरा ज्याने पाहिलाय, तो ही पायरी कधी गाळणार नाही.

विचारल्याशिवाय काही ठरवू नका

जून २०२१मध्ये न्यूयॉर्कचे तेव्हाचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी मॅनहॅटनमधल्या बॅटरी पार्क सिटीतल्या एका उद्यानात अत्यावश्यक कामगारांचं स्मारक जाहीर केलं. मेपलची १९ झाडं आणि मधोमध अखंड ज्योत, अशी ती कल्पना होती. हेतू चांगला होता, पण स्थानिकांना विश्वासात घेतलेलं नव्हतं. उद्यानाची मोकळी जागा जाणार म्हणून रहिवाशांनी तिथे ठाण मांडलं आणि काम थांबवावं लागलं. लहान प्रमाणात हेच सगळीकडे घडतं. आयोजकांना जे सुंदर वाटतं ते ज्यांच्यासाठी करायचं त्यांना हवं असेलच असं नाही.

म्हणून यादीतल्या लोकांशी, निदान प्रत्येक गटातल्या काहींशी, समोरासमोर किंवा फोनवर बोला. फॉर्म पाठवून हे होत नाही. फॉर्मवर लोक ‘काहीही चालेल’ असं लिहून मोकळे होतात. विचारताना पर्याय समोर ठेवा: पगारी सुट्टी, मुलांच्या शिक्षणाला मदत, आरोग्य तपासणी, समुपदेशन, नोकरीत उपयोगी पडेल असं अनुभवपत्र, कायमस्वरूपी फलक, छोटा घरगुती कार्यक्रम, किंवा काहीच नको. शेवटचा पर्याय मनापासून द्या. काहींना तो काळ पुन्हा आठवायचाच नसतो. त्यांनी नकार दिला तर कारण विचारू नका, आग्रह करू नका. नुसतं नाव यादीत ठेवलं तर चालेल का, एवढंच विचारा.

संमती तीन गोष्टींसाठी वेगवेगळी घ्या: नाव, फोटो आणि आठवण. नाव छापायला होकार देणारा फोटोला नाही म्हणू शकतो. कुणाला स्वतःला संसर्ग झाला होता, कुणाच्या घरात कोण गेलं, ही माहिती त्या माणसाने स्वतः दिल्याशिवाय मंचावरून किंवा समाजमाध्यमांवर सांगू नका. ‘हे स्वतः पॉझिटिव्ह असूनही…’ अशी वाक्यं निवेदकाच्या तोंडी फार सहज येतात.

काय द्यायचं

मोठ्या, जड सन्मानचिन्हांचं मला कौतुक नाही. ती कपाटावर धूळ खातात. दोन गोष्टी खऱ्या कामाच्या असतात: ज्याचा व्यवहारात उपयोग होईल असं काही, आणि जे फक्त त्या एका माणसाबद्दल आहे असं काही.

सन्मानपत्राचंच बघा. साधारणपणे त्यावर असा मजकूर असतो: ‘आपण कोरोना काळात दिलेल्या अमूल्य योगदानाबद्दल आपला गौरव करण्यात येत आहे.’ हे वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणून कुणालाच लागत नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘एप्रिल ते जून २०२१ या काळात आपण विलगीकरण कक्षात रात्रपाळीत स्वच्छतेचं काम केलंत. नातेवाइकांना आत यायला बंदी असताना रुग्णांचे निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचवलेत.’ काय केलं, कुठे केलं, कधी केलं, आणि एखादी अशी गोष्ट जी त्यांच्या सोबतच्या माणसानेच सांगितली असेल. दीडशे लोकांसाठी दीडशे वेगळी वाक्यं लिहायला वेळ लागतो, हे खरं. पण यादी करताना दुजोरा देणाऱ्यांशी तुम्ही बोललेला असताच. तेव्हाच एक ओळ टिपून ठेवली तर पुढे फार त्रास पडत नाही.

स्वयंसेवक आणि कंत्राटी कामगारांना याच मजकुराचं अनुभवपत्र लेटरहेडवर, तारीख, शिक्का आणि जबाबदार व्यक्तीच्या सहीसह द्या. पुढची नोकरी शोधताना ते दाखवता येतं. तरुण स्वयंसेवकांना त्याचा उपयोग ट्रॉफीपेक्षा कितीतरी जास्त.

पैसे द्यायचे असतील तर सरळ खात्यात जमा करा. मंचावर पाकीट देऊन फोटो काढण्याचा मोह आवरा. सगळ्यांना सारखी रक्कम द्यावी की हुद्द्यानुसार? सारखी. सन्मानाच्या रकमेत श्रेणी आली की तो पगार होतो, आणि तोही कमी वाटणारा.

कलेचं दान ही एक वेगळी वाट. मे २०२०मध्ये बँक्सी या चित्रकाराने साउदॅम्प्टनच्या रुग्णालयाला एक चित्र दिलं. त्यात एक लहान मुलगा सुपरहीरोंच्या बाहुल्या बाजूला टाकून नर्सच्या बाहुलीशी खेळतोय. मार्च २०२१मध्ये त्या चित्राचा लिलाव होऊन १ कोटी ६० लाख पौंडांहून अधिक रक्कम आली आणि ती आरोग्यसेवेच्या कामासाठी दिली गेली. आपल्याकडे बँक्सी नसला तरी परिसरातल्या चित्रकारांकडून चित्रं घेऊन त्यांच्या विक्रीतून मदतनिधी उभा करणं अवघड नाही.

कार्यक्रमाचा दिवस

तारीख निवडताना १२ मे, म्हणजे फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस आणि आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन, चांगली वाटते. पण यादीत सगळेच नर्स नसतील तर ७ एप्रिल, म्हणजे जागतिक आरोग्य दिन, किंवा ५ डिसेंबर, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन, जास्त शोभेल. स्थानिक महत्त्वाची तारीखही चालते, उदाहरणार्थ ज्या दिवशी तुमच्या भागातलं तात्पुरतं कोविड केंद्र बंद झालं तो दिवस.

तारखेइतकंच पाळ्यांचं वेळापत्रक बघा. सकाळी अकराचा कार्यक्रम रात्रपाळी करून आलेल्यासाठी शिक्षाच. रुग्णालयासाठी कार्यक्रम दोनदा, दोन वेगळ्या वेळी ठेवा, आणि दोन्हींना सारखीच मान्यवर मंडळी हजर ठेवा. ज्यांना बोलावलंय त्यांचा त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही हे लेखी मिळवा. आणि ही गोष्ट सांगायलाही लाज वाटते, पण सांगावी लागते: ज्या सफाई कामगारांचा सन्मान आहे, त्यांनाच त्या दिवशी खुर्च्या लावायला आणि नंतर सभागृह झाडायला लावू नका.

पुढच्या रांगा सत्कारमूर्ती आणि त्यांच्या घरच्यांसाठी ठेवा, पाहुण्यांसाठी नाही. भाषणं जास्तीत जास्त दोन, प्रत्येकी पाच मिनिटं. खरा कार्यक्रम नावं वाचण्याचा. एका नावाला आणि त्यापुढच्या एका ओळीला सहा-सात सेकंद धरले तर दीडशे नावं पंधरा-सतरा मिनिटांत होतात, तेव्हा ‘वेळ नाही’ ही सबब चालत नाही. वाचणाऱ्याने सगळे उच्चार आदल्या दिवशी विचारून घ्यावेत. क्रम अकारविल्हे ठेवा. हुद्द्यानुसार ठेवला तर सफाई कामगार नेहमी शेवटी येतात, आणि तोवर निम्मे पाहुणे निघून गेलेले असतात.

सत्कारमूर्तींपैकी एक-दोघांना बोलायचं असेल तर त्यांना आधी विचारा आणि मजकूर तपासून मागू नका. ते व्यवस्थेवर टीका करतील, ही भीती आयोजकांना असते. केली तर ऐकून घ्या.

जे गेले त्यांच्यासाठी

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य आणि देखभाल कर्मचारी कोविडने दगावले. यात शववाहिकेचे चालक, पोलीस, अंत्यसंस्कार करणारे धरलेले नाहीत. तुमच्या यादीतही कुणी असेल तर त्यांच्या कुटुंबाशी सगळ्यात आधी आणि स्वतंत्रपणे बोला.

कुटुंबाला मंचावर बोलवायचं की नाही, हे कुटुंबाने ठरवावं. पुष्कळांना त्या काळात नीट निरोपही घेता आला नव्हता. गर्दीत अचानक नाव पुकारलं जाणं त्यांना पेलेलच असं नाही. घरी जाऊन, दोन-तीन सहकाऱ्यांना सोबत घेऊन भेटलं तर घरच्यांना बोलायला मोकळीक मिळते. सहकाऱ्यांनी लिहिलेल्या आठवणी एका वहीत बांधून दिल्या तर बरेच घरचे त्या पुन्हा पुन्हा वाचतात, कारण कामाच्या ठिकाणचा आपला माणूस त्यांनी कधी पाहिलेला नसतो.

फलक किंवा भिंत करायची असेल तर साहित्याचा विचार पहिल्याच दिवशी करा. लंडनमध्ये थेम्सच्या काठी, संसदेसमोरच्या भिंतीवर मार्च २०२१मध्ये कोविडने मृत्यू पावलेल्या प्रत्येक माणसासाठी हाताने एकेक लाल हृदय रंगवायला सुरुवात झाली. सुरुवातीला साधे रंगीत मार्कर वापरल्यामुळे हृदयं पुसट होऊ लागली, आणि तेव्हापासून स्वयंसेवक टिकाऊ रंगाने ती पुन्हा पुन्हा रंगवत आहेत. तेव्हा देखभाल कोण करणार, किती वर्षं करणार आणि त्याचा खर्च कुठून येणार, हे लिहून झाल्याशिवाय कोनशिला बसवू नका. धातूवर कोरलेली अक्षरं रंगवलेल्यांपेक्षा जास्त टिकतात. नंतर सापडलेली नावं टाकायला फलकावर रिकामी जागा सोडा. ती लागतेच.

आठवणी नोंदवून ठेवणं

जमलं तर ही पायरी करा. शांत खोली, फोनचा रेकॉर्डर, एक विचारणारा आणि फार तर एक मदतनीस. ‘तुम्हाला कसं वाटलं?’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. ‘त्या दिवशी सकाळी कितीला घरातून निघालात? कुठल्या दाराने आत गेलात? किट घालायला कोणी मदत केली?’ असे हातापायांचे प्रश्न विचारा. आठवण तिथूनच उलगडते. माणूस गप्प झाला तर गप्पच राहा. रडू आलं तर रेकॉर्डिंग थांबवा आणि पुढे जायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. त्रास वाढतोय असं दिसलं तर समुपदेशकाचा नंबर आधीच हाताशी असावा.

रेकॉर्डिंगच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. फाइलच्या नावात तारीख आणि क्रमांक असू द्या. संमतीपत्राला तोच क्रमांक द्या. ऐकायला कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हेही त्या पत्रावरच लिहून घ्या.

पैसे आणि नंतरचं

निधी गोळा केला असेल तर खर्चाचा हिशेब सगळ्यांना दिसेल असा लावा. मंडप, जेवण आणि पाहुण्यांवरचा खर्च लोकांच्या हातात गेलेल्या रकमेपेक्षा जास्त दिसत असेल, तर आधी मंडपाला कात्री लावा.

कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात न आलेल्यांची सन्मानपत्रं घरी पोहोचवा, टपालाने नाही, कुणाच्या तरी हाताने. सुटलेल्या नावांसाठी एक फोन नंबर आणि एक ठरलेली व्यक्ती वर्षभर ठेवा.

आणि मूळ यादी, सगळ्यांच्या संमतीने, स्थानिक आरोग्य यंत्रणेकडे किंवा आपत्ती व्यवस्थापनाच्या कार्यालयाकडे सोपवा. कुणाला काय येतं, कोण रात्री-अपरात्री धावतं, कुणाच्या ओळखी कुठे आहेत, हे त्यात असतं. सोबत दरवर्षी नंबर तपासायची जबाबदारी एका माणसाकडे लिहून द्या, नाहीतर गरज पडेल तेव्हा त्यातले निम्मे नंबर बंद लागतील.